बुद्धिबळपटूने नोकरीसाठी शहर निवडताना काय तपासावं? (बेंगळुरू, चेन्नई की हॅम्बुर्ग)

वजिराची_चाल

नमस्कार मंडळी,

नोकरी बदलतेय. सध्या पुण्यात. वय ३६, फिडेचं (जागतिक बुद्धिबळ महासंघ) स्टँडर्ड, म्हणजे संथ डावांचं, रेटिंग १७४२. तीस डाव कधीच होऊन गेले, त्यामुळे के-फॅक्टर (एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा गुणक) २०. पर्याय तीन आहेत: बेंगळुरू (ऑफिस व्हाइटफील्डला), चेन्नई (ओएमआर, म्हणजे ओल्ड महाबलीपुरम रोडवर, शोळिंगनल्लूर) आणि सध्याच्याच कंपनीची हॅम्बुर्गमधली जागा. पगार, भाडं, नवऱ्याचं काम हा सगळा हिशेब घरी मांडून झालाय. त्यात एकोणीस-वीसचाच फरक निघतो. म्हणून आता बुद्धिबळाचं पारडं कुठे झुकतं ते पाहायचंय.

खेळायचं आहे ते गंभीरपणे, पण नोकरी सांभाळून. दोन-तीन वर्षांत १९०० गाठायचे आहेत. ऑनलाइन भरपूर होतं, ते मोजत नाही. मुलगी आठ वर्षांची आहे, शाळेत नुकतीच बुद्धिबळ शिकायला लागलीय, अनरेटेड (अजून रेटिंग नाही).

चेन्नई म्हणजे बुद्धिबळाची राजधानी, तिकडेच जा, असं सगळे म्हणतात. पण माझ्यासारखीला त्याचा प्रत्यक्षात किती उपयोग? शहर जोखायचं तर नेमकं काय आणि कुठे पाहायचं?

---

पंच_तिसऱ्या_टेबलाचा

"राजधानी" वगैरे बाजूला ठेवा. शहरात ग्रँडमास्टर किती, या आकड्याचा १७४२ वाल्या नोकरदार माणसाशी जवळजवळ संबंध नाही. तुमच्यासाठी एकच आकडा कामाचा: रजेच्या एका दिवसामागे स्टँडर्ड रेटेड डाव किती मिळतात. दुसरा त्याच्या खालोखाल: त्यातले किती डाव तुमच्या जवळपासच्या, पण मोठ्या वयाच्या खेळाडूंशी होतात.

पहिला आकडा काढायची रीत सांगतो. चेस-रिझल्ट्सवर (स्पर्धांचे निकाल देणारी वेबसाइट) भारत निवडा, मागच्या बारा महिन्यांच्या तारखा टाका आणि शहराच्या नावाने शोधा. फिडेच्या रेटिंग साइटवरही देशवार, महिनावार स्पर्धांची यादी असते. दोन्ही पाहा, कारण चेस-रिझल्ट्सवर शहराचं स्पेलिंग प्रत्येक आयोजक वेगळं लिहितो. प्रत्येक स्पर्धेपुढे चार गोष्टी टिपायच्या: स्टँडर्ड की रॅपिड (कमी वेळाचे डाव), फेऱ्या किती, कोणत्या वारी, आणि रेटिंगची मर्यादा आहे का. "बिलो १६००" असेल तर तुम्हाला प्रवेशच नाही, ती यादीतून काढा. "बिलो १८००" मध्ये तुम्ही बसता, पण तिथे वरच्या दहा-पंधरा टक्क्यांत मानांकित व्हाल, म्हणजे जवळजवळ प्रत्येक फेरीत खालच्याशी खेळ. रेटिंग वाढवायला ही सगळ्यात वाईट जागा. बक्षिसाच्या रकमेकडे पाहून लोक तिथेच गर्दी करतात.

दुसऱ्या आकड्यासाठी त्या शहरातल्या तीन ओपन स्पर्धांची स्टार्टिंग रँक यादी उघडा. १६०० ते १९०० मधली नावं घ्या, फिडे प्रोफाइलवर जन्मवर्ष असतं ते पाहा. २००८ नंतरची नावं किती, आधीची किती? चाळीस-पन्नास नावं तपासली की चित्र स्पष्ट होतं, तासाभराचं काम आहे.

हे का करायचं तर गणित असं. १५५२ रेटिंगच्या मुलाशी तुमचा फरक १९०. फिडेच्या तक्त्यानुसार तुमच्याकडून अपेक्षा ०.७५ गुणांची. बरोबरी (अर्धा गुण) झाली तर रेटिंगचे ५ गुण गेले (०.२५ गुणिले २०), हरलात तर १५. आणि तो मुलगा के ४० वर आहे, रोज चार तास क्लासला जातो, त्याची खरी ताकद १८०० ची असू शकते. त्याचं रेटिंग त्याच्या खेळाच्या मागे धावतंय, तुमचं मात्र स्थिर आहे. नऊ फेऱ्यांत असे सहा भेटले आणि सहापैकी तीन गुण केलेत (खेळ म्हणून अजिबात वाईट नाही), तरी रेटिंगचे ३० गुण वजा.

एक सावधगिरी. १ मार्च २०२४ ला फिडेने २००० खालच्या सगळ्यांना एकदाची वाढ दिली: २००० पर्यंतचं जे अंतर, त्याच्या ४० टक्के. १५०० चा १७०० झाला. किमान रेटिंग १००० वरून १४०० वर गेलं. म्हणून त्याआधीच्या स्पर्धांच्या याद्या आजच्या आकड्यांशी ताडू नका, फसाल.

अनरेटेडशी झालेला डाव तुमच्या रेटिंगमध्ये धरला जात नाही. नऊ फेऱ्यांचे सात रेटेड डाव पदरात पडले असं सर्रास होतं. यादीत अनरेटेड किती आहेत तेही बघून ठेवा.

---

जयनगरचा_घोडा

बेंगळुरूबद्दल. इथे रविवारच्या एकदिवसीय स्पर्धा मुबलक आहेत. सकाळी नऊला सुरू, सात-आठ फेऱ्या, संध्याकाळी बक्षीस समारंभ. पण त्या रॅपिड. काही फिडे रॅपिड रेटेड असतात, बऱ्याच कसल्याच नसतात. रॅपिडचं रेटिंग वेगळं, तुमच्या १७४२ ला त्याचा हात लागत नाही. कॅफेत आणि बागेत जमणारे गटही पुष्कळ, माणसं चांगली भेटतात, डाव गंमतीचे होतात. ते सगळं हवं असेल तर बेंगळुरूसारखं शहर नाही.

स्टँडर्डचा प्रश्न आला की गाडी अडते. भारतभर साचा एकच: ९ फेऱ्या, बुधवार ते रविवार, पहिले चार दिवस दोन-दोन फेऱ्या आणि रविवारी एक, ९० मिनिटं अधिक चालीमागे ३० सेकंद. साठ चालींचा डाव चार तास खातो. दिवसाला दोन म्हणजे आठ तास पटावर. तीन दिवसांची रजा, नऊ डाव. वर्षाला अठरा-वीस रजा मिळतात, त्यातून गणपती-दिवाळीला घरी यायचं, मुलीचं आजारपण, उरतात सहा. म्हणजे दोन स्पर्धा, अठरा डाव. १७४२ वरून १९०० ला जायला हे फार थोडे आहेत. सरासरी डावामागे तुम्ही अपेक्षेपेक्षा ०.१ जास्त गुण केलेत (हे सातत्याने करणं सोपं नाही) तर डावामागे रेटिंगचे २ गुण वाढतात, म्हणजे १५८ गुणांसाठी ७९ डाव लागतात. चार वर्षांहून जास्त.

वेळापत्रक शाळांच्या सुट्ट्यांना बांधलेलं असतं, कारण प्रवेश फी भरणारे बहुतेक पालक. एप्रिल-मे, दसरा, नाताळ या तीन ठिकाणी स्पर्धांचा ढीग आणि जून-जुलैत शुकशुकाट. तुमच्या कंपनीत मे महिन्यात रिलीज असेल तर निम्मं वर्ष गेलंच.

व्हाइटफील्डबद्दल एवढंच की पर्पल लाइन ऑक्टोबर २०२३ पासून सलग सुरू आहे, त्यामुळे शहराच्या मध्यभागी स्पर्धा असेल तर मेट्रोने या. उत्तरेला येलहंका किंवा पश्चिमेला केंगेरी पलीकडे कॉलेजात असेल तर स्पर्धेजवळ खोली घ्या. साडेनऊच्या फेरीसाठी व्हाइटफील्डहून रोज गाडीने जाणं म्हणजे पहिली पंधरा मिनिटं घड्याळाला दान.

महाराष्ट्राशी जोडलेलं राहायचं असेल तर बेंगळुरूचा एक फायदा कोणी सांगत नाही. रात्रीच्या बसने सांगली, कोल्हापूर, गोवा ही सगळी आवाक्यात. सांगलीचं नूतन बुद्धिबळ मंडळ किती जुनं आणि किती स्पर्धा भरवणारं आहे हे इथल्या लोकांना सांगायला नको. तिकडच्या स्पर्धांत मोठ्या वयाचे खेळाडू अजून दिसतात.

---

अड्यारकर

चेन्नईबद्दल जे ऐकलंय ते खोटं नाही, पण ते तुमच्यासाठी नाही, तुमच्या मुलीसाठी आहे.

१९७२ मध्ये मॅन्युएल एरन यांनी सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ताल चेस क्लब सुरू केला, आनंद तिथेच घडला. तिथून आजच्या पिढीपर्यंत साखळी तुटलेली नाही. २०१३ ची जागतिक लढत इथे झाली, २०२२ चं ऑलिम्पियाड जवळच मामल्लपुरमला. पण या साखळीचा पाया आठ ते सोळा वयाची मुलं आणि त्यांना स्पर्धांसाठी हजेरीत सूट देणाऱ्या शाळा हा आहे. मोगप्पैरच्या वेलम्मल शाळेतून प्रज्ञानंद आणि गुकेश निघाले, ते सगळ्यांना माहीत आहे. प्रौढांसाठी संध्याकाळी सात वाजता जाऊन संथ डाव खेळता येईल असा क्लब शोधायला गेलात तर निराशा होईल. क्लास सापडतील, क्लब सापडणार नाही. हा भेद नीट लक्षात घ्या: क्लासमध्ये तुमच्या वयाचा माणूस म्हणजे बाहेर बाकड्यावर बसलेला पालक.

स्पर्धा मात्र बेंगळुरूपेक्षा जास्त, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत. राहण्या-जेवणाची सोय आयोजक कॉलेजच्या वसतिगृहात करतात, स्वस्तात होतं. वर पंचांनी सांगितलेली जन्मवर्षाची चाळणी चेन्नईच्या यादीला लावून पाहा, म्हणजे मी काय म्हणतोय ते दिसेल. इथला १६०० चा मुलगा पुण्यातल्या १६०० पेक्षा एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) बरा खेळतो. हत्तीच्या एंडगेममध्ये एक प्यादं जास्त असताना "हा सोडेल" या आशेवर राहू नका.

कोचिंगचा मुद्दा वेगळा. आठवड्यातून एकदा समोर बसून डाव तपासणारा टायटल्ड कोच हवा असेल तर चेन्नईत निवड मोठी आहे आणि प्रौढांना शिकवायला तयार असलेले आंतरराष्ट्रीय मास्टर मिळतात. पण कोचिंग आज ऑनलाइनही होतं, त्यासाठी शहर बदलायची गरज उरलेली नाही. संथ डाव ऑनलाइन होत नाहीत, त्यांच्यासाठी बदलावं लागतं.

ओएमआर ते मोगप्पैर पस्तीस-चाळीस किलोमीटर. मुलीसाठी त्या बाजूची शाळा घेतलीत तर तुमचा रोजचा प्रवास दोन्हीकडून मार खाईल. घर आणि शाळा ऑफिसच्या बाजूला ठेवा आणि क्लास जवळचा निवडा, नाव मोठं नसलं तरी.

---

अल्स्टरकाठी

हॅम्बुर्ग. वरच्या दोन्ही उत्तरांत ज्या गोष्टीची उणीव सांगितली आहे, ती गोष्ट इथे आहे: क्लब आणि सांघिक लीग.

जर्मनीत बुद्धिबळ स्पर्धेपेक्षा क्लबभोवती फिरतं. वार्षिक वर्गणी भरून सभासद व्हायचं, बहुतेक ठिकाणी ती शंभर-दीडशे युरोंच्या आसपास असते, मुलांना कमी. आठवड्यातून एक ठरलेली संध्याकाळ. हॅम्बुर्गर शाखक्लब १८३० सालचा, जर्मनीतल्या सगळ्यात जुन्या क्लबांपैकी, आयल्बेक भागात स्वतःचं क्लबघर आहे. फुटबॉलसाठी ओळखल्या जाणाऱ्या एफसी सांक्ट पाउलीचाही बुद्धिबळ विभाग आहे. शिवाय प्रत्येक उपनगरात छोटे क्लब. मोठ्या क्लबच्या नावाने भुलू नका. घरापासून वीस मिनिटांवरच्या छोट्या क्लबमध्ये तुम्ही पहिल्या संघात खेळाल, मोठ्यात कदाचित पाचव्या.

सांघिक लढत आठ बोर्डांची. हंगामाआधी क्लब ताकदीच्या क्रमाने यादी देतो, तो क्रम नंतर हलत नाही. कोणी आलं नाही तर खालचे वर सरकतात. यजमान संघाला विषम बोर्डांवर काळी मोहरी, म्हणजे तिसऱ्या बोर्डावर कायम असलात तर घरी काळी आणि बाहेर पांढरी हे महिनाभर आधी माहीत. समोरच्या संघाची यादीही उघड असते, तयारी करता येते.

हॅम्बुर्गची खासियत अशी की शहराच्या लीगमधल्या खालच्या गटांच्या लढती रविवारी नसून कामाच्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास यजमानांच्या क्लबात होतात. रजा शून्य. हंगाम जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत. डाव रात्री अकरा ओलांडतात, दुसऱ्या दिवशी नऊची मीटिंग असेल तर डोळे चुरचुरतात, ती किंमत मोजावी लागते. त्यात क्लबची अंतर्गत स्पर्धा धरा, तीही संध्याकाळी, आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक फेरी. दोन्ही मिळून पंधरा-सोळा संथ डाव, एकही रजा न घालवता.

मग ईस्टर. कार्ल्सरूहेची ग्रेंके ओपन, ९ फेऱ्या, गुरुवार ते सोमवार. शुक्रवार आणि सोमवार सार्वजनिक सुट्ट्या, त्यामुळे एका रजेत नऊ डाव. हॅम्बुर्गहून आयसीई या वेगवान रेल्वेने साधारण पाच तास. वेगवेगळे गट असतात, तुम्हाला साजेसा मिळतो. नाताळात २६ ते ३० डिसेंबर ब्यॉब्लिंगेन ओपन. जर्मन हौशी अजिंक्यपदाच्या पात्रता स्पर्धा शुक्रवार ते रविवार, पाच फेऱ्या, रेटिंगनुसार गट, म्हणजे समोरचा जवळपास तुमच्याच ताकदीचा. रजा एक, डाव पाच.

आणि तुम्ही बाई आहात याचा इथे सरळ फायदा आहे. महिला बुंडेसलिगा (राष्ट्रीय लीग) सहा बोर्डांची असते, आणि तिथे व खालच्या महिला लीगमध्ये क्लबांना खेळाडू कमी पडतात. १७४२ ला वरच्या विभागातल्या क्लबचंही बोलावणं येऊ शकतं. एका क्लबकडून खुल्या लीगमध्ये आणि दुसऱ्याकडून पाहुणी खेळाडू म्हणून महिला लीगमध्ये, असं दोन्हीकडे खेळायची सोय आहे. क्लबला पहिल्या ईमेलमध्येच विचारा.

भाषेची भीती नको. लढतीत बोलायचं काय असतं? लिहिताना तुमचीच इंग्रजी अक्षरं चालतात. समोरच्याच्या स्कोअरशीटवर वजिराला डी, हत्तीला टी, उंटाला एल आणि घोड्याला एस दिसेल, डाव संपल्यावर पडताळताना तेवढं ध्यानात ठेवा.

---

पंच_तिसऱ्या_टेबलाचा

वरच्या प्रतिसादात एक गोष्ट राहिली आणि प्रश्न १९०० चा असल्यामुळे ती मोठी आहे. जर्मन लीगचे सगळे डाव फिडे रेटेड नसतात. बुंडेसलिगा, दुसरी बुंडेसलिगा, ओबरलिगा या वरच्या तीन पातळ्यांचे असतात. त्याखाली राज्यागणिक वेगळं. शहराच्या लीगमधले खालचे गट राष्ट्रीय रेटिंगसाठी, म्हणजे डीडब्ल्यूझेडसाठी, मोजले जातात. तेव्हा ते पंधरा-सोळा डाव तुमच्या फिडे आकड्यात दिसतीलच असं नाही. क्लबची अंतर्गत स्पर्धा फिडेला नोंदवलेली आहे का हे विचारून घ्या, काही क्लब नोंदवतात. ओपन आणि हौशी स्पर्धांचं त्या-त्या स्पर्धेच्या पत्रकात बघा.

खेळ सुधारण्याला मात्र याने फरक पडत नाही. संथ डाव तो संथ डाव. डीडब्ल्यूझेडच्या डावांत शिकलेलं ईस्टरला फिडेत वठतं.

याच्याशी निगडित नियम: डाव स्टँडर्ड रेटिंगला धरायचा तर साठ चालींच्या हिशेबाने प्रत्येकाला किमान वेळ लागतो. स्पर्धेत १८०० किंवा वरचा (पण २४०० च्या खालचा) एक जरी खेळाडू असेल तर ९० मिनिटं, सगळे त्याखाली असतील तर ६०. म्हणजे ६० मिनिटं अधिक ३० सेकंद ही वेळ १८०० वाल्यालाही पुरते. हे मुद्दाम सांगतोय, कारण भारतातही हे संध्याकाळी करता येतं. आठवड्याला एक फेरी, ६० अधिक ३०, तीन तासांत डाव संपतो. आठ-दहा नोकरदार, एक पात्र पंच, राज्य संघटनेमार्फत नोंदणी, झाली क्लब स्पर्धा. बेंगळुरूत एवढी माणसं जमवणं अवघड नाही. अडचण येते ती पाचव्या फेरीनंतर, जेव्हा हरणारे यायचे बंद होतात. त्यासाठी अनामत रक्कम घ्यायची, सगळे डाव खेळले तरच परत. आणि न खेळता मिळालेला गुण रेटिंगला धरत नाहीत, त्यामुळे गैरहजर माणूस समोरच्याचाही डाव खातो.

---

वजिराची_चाल

एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, खरंच आभार.

रजेमागे डाव हा हिशेब मांडला. बेंगळुरू आणि चेन्नई रजेला तीन, हॅम्बुर्ग बरंच पुढे, फक्त त्यातले फिडेचे किती हे क्लबला विचारूनच कळेल. दोन शंका उरतात. बेंगळुरूच्या जागेत महिन्यातून एक आठवडा ऑन-कॉल आहे, तो चालतो का? आणि मुलीचं काय? हॅम्बुर्गला गेलो तर तिचं नुकसान होईल असं घरी सगळ्यांना वाटतंय.

---

जयनगरचा_घोडा

ऑन-कॉल आणि रेटेड डाव यांचं जमत नाही. फोन अंगावर सापडला तर डाव गेला, तो वाजण्याचीही वाट पाहत नाहीत. आपल्याकडे सरळ जमाच करून घेतात, दारात मेटल डिटेक्टर असतो. चार तास संपर्काबाहेर राहाल हे मॅनेजरला चालणार आहे का? ऑफर स्वीकारण्याआधी विचारा की ऑन-कॉलचा आठवडा सहकाऱ्याशी बदलून घेता येतो का, आणि ते लेखी घ्या. आणि पहिले सहा महिने प्रोबेशनमध्ये सलग तीन रजा मिळतात का हेही. मार्चमध्ये रुजू होऊन मेच्या स्पर्धेची फी आधीच भरलीत तर ती बुडते. परतावा नाही असं पत्रकात बारीक अक्षरांत असतंच.

---

अल्स्टरकाठी

जर्मनीतही पहिले सहा महिने पूर्ण रजेचा हक्क नसतो, महिन्यामागे वर्षाच्या बाराव्या हिश्श्याने साठत जाते. ईस्टरसाठी एकच लागते, ती मिळून जाते.

मुलीबद्दल. इथे अल्स्टर नदीच्या डाव्या काठच्या शाळा विरुद्ध उजव्या काठच्या शाळा अशी सांघिक स्पर्धा १९५८ पासून होते. आठ-आठ मुलांचे संघ, एकाच दिवशी एकाच सभागृहात हजारो मुलं पटावर. त्यातली बरीचशी रेटिंगच्या जवळपासही नसतात आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. नुकत्याच शिकलेल्या आठ वर्षांच्या मुलीला ही सुरुवात चांगली. ज्या क्लबात तुम्ही जाल तिथेच दुपारी मुलांचा गट असतो का पाहा, म्हणजे दोघींची एकच फेरी.

---

अड्यारकर

मी उलट बाजूने सांगतो, कारण एवढं गुलाबी चित्र पुरं नाही. मुलगी रमली आणि दोन वर्षांत तिला खरंच वर जायचं असेल, तर रोज तिच्या ताकदीच्या वीस मुली समोर असणं याला पर्याय नाही, आणि ते चेन्नईत आहे. पण त्याचीच दुसरी बाजू म्हणजे राज्य निवड. राष्ट्रीय वयोगट (७, ९, ११ असे विषम आकडे) खेळायला राज्यातून निवड लागते, जागा मोजक्या, आणि तमिळनाडूत त्या जागांसाठी जी झुंबड असते ती इतरत्र नाही. महाराष्ट्रातून किंवा कर्नाटकातून जी मुलगी पात्र ठरेल ती इथे पंधरावी येऊ शकते.

आठ वर्षं, अनरेटेड, नुकती शिकलेली. दोन वर्षं थांबून निर्णय घेतला तरी काही बिघडत नाही. तिच्या नावावर शहर निवडू नका, असं माझं मत.

---

पंच_तिसऱ्या_टेबलाचा

मुलीला रेटिंग मिळवून द्यायची घाई नको, एवढं जोडतो. पहिलं रेटिंग मिळायला रेटेड खेळाडूंशी किमान पाच डाव लागतात. हिशेबात १८०० च्या दोन काल्पनिक खेळाडूंशी बरोबरी धरतात, आणि १४०० च्या खाली आलं तर यादीत नावच येत नाही. एखाद-दोन चांगल्या निकालांवर १५०० मिळालं तर पुढच्या स्पर्धेत के ४० ने ते तितक्याच वेगाने उतरतं, आणि उतरलेला आकडा मुलं मनाला लावून घेतात.

कागदपत्रांचं. भारतात राज्य बदललंत तरी खुल्या रेटिंग स्पर्धा कुठेही खेळता येतात, एआयसीएफची (अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ) नोंदणी चालू असली की झालं. राज्य निवड स्पर्धा खेळायच्या असतील तरच बदली लागते: महाराष्ट्र संघटनेचं ना हरकत पत्र, नव्या पत्त्याचा पुरावा, आणि त्याच वर्षी जुन्या राज्याकडून निवड खेळलेली नसावी. पुणे सोडण्याआधी मागून ठेवा, नंतर फोनाफोनी फार होते.

हॅम्बुर्गला गेलात तर फिडेचा झेंडा बदलायची गरज नाही, भारताच्या नावाखालीच लीग खेळता येते. मुलीचंही तसंच. जर्मनीकडून जागतिक स्पर्धा खेळायची वेळ आली तरच फेडरेशन बदलीचा विषय निघतो. वर्षभर एकही रेटेड डाव झाला नाही तर यादीत निष्क्रिय दिसाल, रेटिंग जात नाही. पण क्लब यादी लावताना लोक तो शेरा बघतात, म्हणून निघण्याआधी पुण्यात किंवा मुंबईत एक स्पर्धा खेळून जा.

---

वजिराची_चाल

हॅम्बुर्गच्या दोन क्लबांना आज लिहिते. ईमेलमध्ये काय काय द्यावं लागेल?

---

अल्स्टरकाठी

फिडे आयडी, जन्मतारीख, कधीपासून येणार, आठवड्यातल्या कोणत्या संध्याकाळी मोकळ्या, आणि महिला लीगमध्ये रस आहे हे स्पष्ट. नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर आणि फिडेवर सारखं आहे का पाहा. आपल्याकडे वडिलांचं नाव आणि आडनाव मागेपुढे झालेलं असतं, मग क्लबच्या नोंदणीत एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात आणि निस्तरायला महिना जातो. चूक असेल तर दुरुस्ती एआयसीएफकडूनच होते, ती भारतात असतानाच करून घ्या. राज्य पातळीवरच्या आणि महिला लीगच्या याद्या उन्हाळ्यातच बंद होतात, हंगाम शरदात सुरू होतो. ऑक्टोबरमध्ये पोचणार असाल तरी मे-जूनमध्येच क्लब पक्का करा, नाहीतर पहिलं वर्ष राखीव बाकावर जाईल. पत्ता मिळण्याआधी सभासद करून घेतात का तेवढं विचारा, काही क्लब घेतात. आधी पाहुणी म्हणून दोन-तीन संध्याकाळी नुसतं जाऊन बसायला कुठेच पैसे पडत नाहीत.